पत्रक कशावर छापायचं?



जयंतीची मिटिंग बसली की पहिला तास वर्गणीत जातो. दुसरा तास मिरवणुकीचा रस्ता, डीजे आणि परवानगीत. छपाईचा विषय शेवटी निघतो, तेव्हा अर्धे लोक उठून गेलेले असतात. मग कोणी एक जण म्हणतो, "दे ना फ्लेक्सवाल्याले टाकून. तोच डिझाईन करते, तोच छापते, तोच बांधून देते." झालं. विषय संपला.

मला हे पटत नाही. मी जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी वाढलो. दगडी पूल ओलांडून छापखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या. स्टेन्सिल कापले, खळ शिजवली, रात्री भिंती रंगवल्या. छपाई हा आपल्या चळवळीत कधीच किरकोळ खर्चाचा विषय नव्हता. आपलं म्हणणं दुसऱ्याच्या मशीनवर किती दिवस अवलंबून ठेवायचं, असा तो प्रश्न होता. आजही तोच आहे.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघाला, तेव्हा रकानेच्या रकाने ते एकटे लिहून काढत. विद्वान माणूस, बॅरिस्टर. त्यांना लेखणी पुरली असती ना? पण त्यांनी पैसा जमवून स्वतःचा भारतभूषण छापखाना उभा केला. तोच पुढे बुद्धभूषण झाला. २०१६ च्या जून महिन्यात दादरचं आंबेडकर भवन रात्रीतून पाडलं, त्यात हा बुद्धभूषणही गेला. त्याच्याही आधी आपल्या विदर्भात, नागपूरला, किसन फागूजी बनसोडे यांनी १९१० च्या सुमारास स्वतःचा छापखाना काढला. 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' अशी पत्रं चालवली. या लोकांजवळ पैसा उतू जात नव्हता. मशीनचा मालकच शेवटी मजकुराचा मालक होतो, हे त्यांना कळलं होतं.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी छापखान्याच्या दारात कळलं. विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला केला आणि मराठवाड्यात आपली घरं जळाली. १९७९ च्या हिवाळ्यात नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. आम्हाला वस्तीवस्तीत वाटायला पत्रक पाहिजे होतं. मी मजकूर घेऊन एका छापखान्यात गेलो. त्याने लग्नपत्रिका छापल्या होत्या आमच्या, दुकानाच्या पावत्या छापल्या होत्या. मजकूर वाचला, चष्मा काढला अन् म्हणाला, "मशीन बिघडलेली आहे, दुसरीकडे पाहा." आतून ट्रेडल मशीनचा खडखडाट ऐकू येत होता. दुसऱ्याने सांगितलं, दहा दिवस लागतील. आम्हाला परवा पाहिजे होतं.

मग सायक्लोस्टाईल. एका ऑफिसात क्लार्क असलेल्या आमच्या एका भावाने सोय केली. मेणाचा थर असलेला पातळ कागद म्हणजे स्टेन्सिल. टाइपरायटरची रिबन बाजूला सारायची आणि कोऱ्या अक्षरांनी ठोकायचं. अक्षर मेण फोडते, तिथून शाई पाझरते. मराठी टाइपरायटर नसला तर लोखंडी पेनाने हातानं लिहायचं. जोर जास्त झाला की 'ठ'चं, 'व'चं पोट गळून पडते आणि तिथे काळा ठिपका उमटतो. कमी झाला की मात्रा दिसतच नाही. चूक झाली तर नखाला लावायच्या रंगासारखं लाल औषध लावा, फुंकर मारा, वाळू द्या, पुन्हा लिहा. मग स्टेन्सिल ढोलावर चढवायची, नळीतली शाई द्यायची अन् हॅण्डल फिरवायचं. नीट कापलेल्या स्टेन्सिलवर पाचशे ते हजार कागद निघत. कागद मात्र शाई पिणारा लागतो. गुळगुळीत कागद घेतला की एकाची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागते. त्या रात्री आमचे हात कोपरापर्यंत काळे झाले. सकाळी पत्रक वस्तीत होतं.

हंगेरीतून लंडनला गेलेल्या डेव्हिड गेस्टेटनर नावाच्या माणसाने १८८१ च्या सुमारास बारीक दातेरी चाकाची लेखणी काढली. मेणकागदावर ती छिद्रं पाडत जायची, त्यावरून सायक्लोस्टाईल हे नाव. त्याने ते ऑफिसांच्या परिपत्रकांसाठी काढलं. पण ज्यांना छापखाना दार उघडत नाही ते सगळे त्या यंत्राकडे आले. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत भूमिगत पत्रकं त्याच्यावर निघाली. लिटल मॅगझिनवाले कवी त्याच्याकडे आले, आपणही आलो. ते यंत्र सुंदर छापत नव्हतं, पण मजकूर वाचून नाक मुरडत नव्हतं.

म्हणजे खिळ्यांची छपाई वाईट होती काय? नाही. तिची लज्जत वेगळीच. कागदावर अक्षर दाबून बसलेलं, मागून बोट फिरवलं तर लागते. पण तिथे दुसरी लढाई होती. मराठीची केस म्हणजे तीनशेच्या वर घरं. काना, मात्रा, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं सगळं वेगवेगळ्या घरात. आपल्या पत्रिकेत 'बुद्ध', 'बौद्ध', 'सिद्धार्थ', 'शुद्धोदन' असे शब्द ओळीओळीला. जुळाऱ्याजवळ 'द्ध'चे खिळे संपत, मग तो 'ध्द' लावून मोकळा होई. आणि 'धम्म'? त्याचा हात वर्षानुवर्षं 'धर्म' जुळवत आलेला. मी प्रूफ पाहायला गेलो की 'धर्मचक्र प्रवर्तन दिन' असं तयार. मी दुरुस्त करून देई, दुसऱ्या प्रूफात पुन्हा 'धर्म'. एकदा त्याने मलाच समजावलं, "भाऊ, शुद्ध शब्द धर्मच आहे." तो माणूस वाईट नव्हता. डोळे फुटेस्तोवर काम करे, पगार आमच्यासारखाच. पण रफार असलेला शब्द काढून पालीतला शब्द ठेवणं म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून सांगतो, प्रूफ स्वतः पाहा. आता संगणक आहे तरी पाहा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की जोडाक्षरं आजही फुटतात. आणि मोबाईल स्वतःच्या अकलेने शब्द बदलतो, तो तर जुळाऱ्याच्याही पुढे गेला.

बाबासाहेबांचा फोटो छापायचा तर ब्लॉक लागे. जस्ताचा पत्रा, लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकलेला, चेहरा उलटा. आमच्या वस्तीने वर्गणी करून एक ब्लॉक करून घेतला होता. तो छापखान्यात ठेवायचा नाही, असं बायकांनीच ठरवलं. काम झालं की पुसून, फडक्यात गुंडाळून एका घरच्या पेटीत. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक तो मागून नेत. ब्लॉक आपला असला की छापखाना कोणताही चाले. एकाने नाही म्हटलं, दुसऱ्याकडे जा. तिथे एक गोष्ट शिकलो. फोटोचा ब्लॉक ठिपक्यांचा असतो. बारीक ठिपक्यांचा ब्लॉक गुळगुळीत आर्ट पेपरवर छान उठतो, पण खरबरीत स्वस्त कागदावर ठिपके एकमेकांत मिसळून चेहरा काळा पडतो. स्वस्त कागद वापरायचा तर मोठ्या ठिपक्यांचाच ब्लॉक पाहिजे, नाहीतर सरळ रेघांचं चित्र. आजही झेरॉक्सवर फोटो काढून बाबासाहेबांचा चेहरा ओळखू येणार नाही असा छापण्यापेक्षा एखाद्या पोराकडून शाईने रेखाचित्र काढून घ्या. ते झेरॉक्सवरही स्वच्छ येते.

पत्रिकेची एक वेगळीच गोष्ट. तयार कार्डं बाजारात येऊ लागली आणि सगळ्यांना सोपं झालं. रंगीत, सोनेरी कड, आत मजकुराची जागा कोरी. दुकानदार तेवढा मजकूर छापून देतो. पण तयार कार्डासोबत तयार देवही येतो. वर गणपती आधीच छापलेला, खाली 'श्री गणेशाय नमः'. बौद्ध पद्धतीने मंगल परिणय, बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर, आणि पत्रिकेच्या माथ्यावर गणपती! मी माझ्या एका नातलगाला विचारलं, तो म्हणाला, "दुकानात तेच होतं, कोन पाहते वरचं." अरे, पाहतात. आपल्या पोराटोराले त्या पत्रिकेवरूनच कळते आपण कोण ते. साधं कोरं कार्ड घ्या, चांगल्या जाडीचं. वर धम्मचक्र किंवा बोधिवृक्षाचं पान, एका रंगात. त्याला स्क्रीन प्रिंटिंगसारखी दुसरी गोष्ट नाही.

स्क्रीन प्रिंटिंग तर आपल्या हातची कला. लाकडी चौकट, त्यावर ताणून बसवलेलं जाळीचं कापड, त्यावर प्रकाशाने कडक होणारा लेप. मजकुराची फिल्म लावून उजेडात धरायचं, मग पाण्याने धुवायचं. जिथे अक्षर होतं तिथली जाळी उघडी पडते. रबराच्या पट्टीने शाई ओढली की अक्षर खाली. शंभर कार्डं असोत की चारशे, हेच परवडते. कागद, कापड, पत्रा, टोपी, झेंडा, सगळ्यावर चालते. ऐंशीच्या दशकात आपल्या कितीतरी पोरांनी एका खोलीत हे काम सुरू करून घर चालवलं. अकोल्याचा एप्रिल मात्र ध्यानात ठेवा. पारा बेचाळीसच्या वर. शाई जाळीतच वाळते, छिद्रं बुजतात. म्हणून काम पहाटे नाहीतर रात्री. सायक्लोस्टाईलचंही तेच होतं, उन्हात मेण मऊ पडायचं. नळीतली खळही दुपारी भिंतीला लागायच्या आत वाळते, म्हणून पोस्टर दिवस बुडाल्यावर चिकटवा. मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे किडा लागत नाही. मोरचूद विषारी असते, पोरांच्या हाती देऊ नका आणि हात धुवा.

पोस्टरचं सांगतो. पोस्टर हे चालत्या माणसासाठी असते. सायकलवरून, ऑटोतून जाणाऱ्यासाठी. त्याला तीनच गोष्टी पाहिजेत: काय, कुठे, कधी. पूर्वी वीस बाय तीस इंची कागदावर लाकडी मोठ्या अक्षरांत एका रंगात छापत. अक्षरं मोजकीच, म्हणून शब्दही मोजके बसत. दसऱ्यानंतर क्रिकेट क्लब मैदानावर धम्म मेळावा भरतो, त्याला खेड्यांतून लोक येतात ते असंच काहीतरी वाचून, ऐकून. कागद परवडत नसे तेव्हा आम्ही कपड्याची नीळ आणि सरस घोटून भिंतीवर लिहायचो. घरमालकाला विचारून. पावसापर्यंत टिकायचं.

आता फ्लेक्स पाहा. चौरस फुटावर भाव. जितका मोठा तितका मान, असं झालं. वर नेत्यांचे चेहरे, मध्ये नेत्यांचे चेहरे, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. बाबासाहेब एका कोपऱ्यात. कार्यक्रम किती वाजता आहे ते शोधावं लागते. प्लॅस्टिकचा तो कपडा, मिरवणूक झाली की नालीत, नालीतून मोर्णेत. बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली निकाल दिला आहे. फ्लेक्स फाटला किंवा काढला की तणाव, मग पोलीस, मग आपल्याच पोरांवर केसेस. मी म्हणत नाही की फ्लेक्स लावूच नका. मंचामागे एक लावा, परवानगी घेऊन चौकात एक लावा. पण पैशाचा मोठा भाग त्यात घालू नका. कापडी बॅनर पेंटरकडून लिहून घ्या. वर्षं टिकतो, तारीख तेवढी पट्टीने बदलता येते, आणि आपल्या पेंटरला दोन दिवस काम मिळते.

खरा पैसा कार्यक्रमपत्रिकेत घाला. ती माणूस घरी नेतो. पत्रिका एकदा वाचून ठेवून देतात, पोस्टर पावसात जाते. कार्यक्रमपत्रिका पेटीत, पुस्तकात राहते. एक ए-फोर कागद, मध्ये एक घडी, झाली चार पानं. पहिल्या पानावर दिवस आणि जागा. आत वंदना, त्रिशरण, पंचशील पूर्ण, म्हणजे पाठ नसलेल्यालाही सोबत म्हणता येईल. मग वक्त्यांचे विषय. फक्त नावं नको, विषय लिहा. शेवटच्या पानावर या वर्षी वस्तीने ठरवलेलं एक काम: वसतिगृहाचे अर्ज, जात पडताळणीची कागदपत्रं, वाचनालयाची वेळ. अक्षर चौदा पॉइंटपेक्षा लहान नको. आपल्या म्हाताऱ्या मायांनी साठी उलटल्यावर साक्षरता वर्गात अक्षरं शिकली आहेत, त्यांना ती वाचता आली पाहिजेत.

कशावर छापायची? पन्नासच्या आत झेरॉक्स. शंभर ते हजार असेल तर रिसोग्राफ पाहा. शिकवणी वर्गांचे पेपर काढतात ना, तेच जपानी यंत्र. तो सायक्लोस्टाईलचाच नातू आहे. मास्टर आपोआप कापतो, ढोल फिरतो. मास्टरचा खर्च एकदाच, म्हणून जितक्या प्रती जास्त तितकी एक प्रत स्वस्त. एका रंगाचंच काम, पण निळ्या शाईचा ढोल मिळाला तर आणखी काय पाहिजे? हजाराच्या वर, रंगीत, तर ऑफसेट. तिथे प्लेटचा खर्च पहिल्या कागदावर पडतो, म्हणून दोनशे प्रतींसाठी ऑफसेट करणं म्हणजे चार माणसांसाठी लग्नाची कढई चढवणं.

ऑफसेटवाल्याला आपला निळा नीट सांगा. चार रंगांच्या छपाईत निळा हा आकाशी सायन आणि गुलाबी मॅजेंटा मिळून होतो. दोन्ही सारखे पडले की निळ्याचा जांभळा होतो. मॅजेंटा सत्तर टक्क्यांच्या आसपास ठेवा, आणि मोबाईलच्या स्क्रीनवर पाहून हो म्हणू नका. स्क्रीन उजेड दाखवते, कागद शाई दाखवतो. छापलेला नमुना मागा.

कोणी म्हणेल, काका, आता मोबाईलवर सगळं जाते, कागद काहून पाहिजे? पाठवा ना मोबाईलवर, मीही पाठवतो. पण मे २०२३ आठवा. समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून याच जुन्या शहरात दंगल उसळली. माणूस मेला, गाड्या जळाल्या, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. इंटरनेट बंद झालं तेव्हा कोणाजवळ कोणाला सांगायला काही उरलं नाही, अफवा तेवढी पायी फिरत होती. मोबाईलवरच्या निरोपाला आगापिछा नसतो. छापील पत्रकाला असतो. १८६७ च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण टाकायचं बंधन घातलं होतं. इंग्रजांनी ते आपल्यावर नजर ठेवायलाच केलं. त्या कायद्याची जागा मार्च २०२४ पासून नव्या कायद्याने घेतली. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव आजही सक्तीचं आहे. पण सक्ती असो नसो, आपण नाव टाकावं. हे आम्ही लिहिलं, इथे छापलं, विचारायचं असेल तर या. दंगलीच्या दिवसांत असा कागद घेऊन घरोघरी जाणारी चार पोरं फार कामाची असतात.

नावांचं एक राहिलं. पत्रिकेत नावं कोणाची? एका वर्षी आम्ही पत्रिका वाटली तर वस्तीतली एक माय पत्रिका हातात धरून म्हणाली, "वाचून दाखव बाप्पा." मी सगळी नावं वाचली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, स्वागताध्यक्ष, सल्लागार. ती म्हणाली, "पाचशे मानसाच्या पोया लाटल्या आमी, आमचं नाव काहून नाही? कागद पुरला नाही काय?" कागद पुरला होता. त्यानंतर महिला मंडळाच्या बायकांची नावं पहिल्या पानावर आली, त्यांनी सांगितली तशी. सौ. आणि श्रीमती काढून टाका असंही त्यांनीच सांगितलं. छपाई कशावर करायची हे ठरवण्याआधी हे ठरवा. भारी आर्ट कार्डवर चुकीची नावं असण्यापेक्षा झेरॉक्सवर बरोबर नावं बरी.

म्हणून मिटिंगमध्ये छपाईचा विषय पहिल्या तासात घ्या आणि चार गोष्टी विचारा. किती प्रती? कोण वाचणार? किती दिवस टिकायला पाहिजे? मजकुरावर शेवटचा हात कोणाचा? या चारांची उत्तरं आली की यंत्र आपोआप ठरते. कोटेशन दोन ठिकाणचं घ्या. प्रूफावर दोघांनी सही करा, त्यात एक बाई असू द्या. डिझाईनची मूळ फाईल मागून आपल्याजवळ ठेवा, तो आपला आजचा ब्लॉक आहे, दुकानदाराच्या संगणकात पडू देऊ नका. आणि दोन पोरांना स्क्रीन प्रिंटिंग शिकवा. कधीतरी पुन्हा कोणी म्हणेल, मशीन बिघडलेली आहे.

शेवटचं. तारखेत वर्ष लिहा. माझ्याजवळ पत्रकांचा एक गठ्ठा आहे. 'दि. १४ एप्रिल रोजी सायंकाळी ६ वाजता' असं कितीतरी पत्रकांवर आहे, आणि वर्ष नाही. तेव्हा सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी लिहिलं नाही. आता ते पत्रक कोणत्या लढ्याचं हे सांगणारी माणसं एकेक करून जात आहेत. आपला इतिहास ताम्रपटावर नाही, अशाच कागदांवर आहे. वर्ष लिहा, आणि प्रत्येक पत्रकाच्या पाच प्रती वाटायच्या आधी बाजूला काढून ठेवा.